उशाखालची सुरी

"बाळ दुसऱ्या कुणाजवळ शांत झोपलंय, घरात आवाज नाही, आणि तरीही तुझा डोळा लागत नाही, असं झालं तर वाट बघत बसायचं नाही. मला फोन करायचा," डॉ. लोकूर म्हणाल्या.

मी "हो" म्हटलं. माझं लक्ष निनादकडे होतं. माझ्या नवऱ्यानं खिशातून चाकू काढला होता, अंगठ्यानं तो टक्‌कन उघडला होता आणि माझ्या मनगटावरची दवाखान्याची प्लॅस्टिकची पट्टी कापायला तो वाकला होता.

"अहो, कात्री आहे आमच्याकडे," डॉक्टर म्हणाल्या.

"कात्रीनं कड दबते, मॅडम. हे बघा." पट्टी तुटली. तुटल्याचं पट्टीलाही कळलं नसावं. "जपानी पोलाद आहे. रोजच्या वापराला याच्यासारखा..."

"रोजच्या वापराला हिला सध्या झोप लागणार आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ती कुठं मिळते का बघा."

आम्ही सगळे हसलो. मीही हसले. तान्ह्या बाळाच्या आईला झोप नसते हे सांगायला डॉक्टर कशाला हव्यात? संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेली बाई मी. बाळंतपणावरची सगळी पुस्तकं वाचून, खुणा करून आले होते. बाळाच्या शीचे रंग मला पाठ होते. झोपेवरचं पान मी उलटलं होतं.

निनाद पुण्याला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो. आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या की शनिवार-रविवारी माणसाला काहीतरी बिनचूक लागतं, असं तो म्हणायचा, आणि ते बिनचूक त्याला चाकूंमध्ये सापडलं होतं. परदेशातून मागवलेले, किंमत विचारली की तो पोलादाचं नाव सांगायचा, तसले चाकू. अशा लोकांचा एक ग्रुपही होता, 'धार' नावाचा. महाराष्ट्रभरचे शिकलेले, चष्मा लावणारे, कंबरदुखीनं बेजार पुरुष तिथे रोज एकच वाद घालत. रोजच्या वापराला मिटणारा बरा, की न मिटणारा? मिटणारा खिशात मावतो, पण सांध्याशी कच्चा. न मिटणारा भक्कम, पण तो कमरेला लावून माणूस हिंडणार कुठे, आयटी पार्कात? टोमॅटोची चकती वर्तमानपत्रावर ठेवायची आणि तिच्यातून बातमी वाचता आली तर चाकू पास, अशी परीक्षा असे. आमच्याकडे भाजी चिरायला बाई यायच्या, त्यामुळे ह्या 'रोजच्या वापरा'त नक्की काय कापलं जातं, हे मी लग्नानंतर बराच काळ बघत होते. सगळ्यांत जास्त वेळा कापलं जायचं ते पुढच्या चाकूचं पार्सल.

पहिलं बाळंतपण म्हणून मी सांगलीला माहेरी आले होते. घरात आई, बाबा आणि जतहून मुद्दाम आलेली शकुआत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण. आम्ही दवाखान्यातून घरी आलो, भाकरतुकडा ओवाळून झाला, मी पलंगावर टेकले, आणि आत्यानं बाळाचं तोंड बघायच्या आधी माझ्या उशाखाली हात घातला.

"लोखंड कुठाय?"

"कसलं लोखंड, वन्सं?" आईनं विचारलं.

"उशाला काय ठेवलंयस?"

"काही नाही अजून."

"काही नाही! रंगा, ऐकलास काय रे? तुझी नात उघड्या दारावाणी पडलीय इथं."

बाळ-बाळंतिणीच्या उशाखाली लोखंडाचं पातं ठेवायचं, म्हणजे वाईट काही जवळ फिरकत नाही, हा रिवाज आमच्याकडे घरोघरी. अडचण एवढीच, की आमच्या घरात लोखंडच उरलं नव्हतं. आईचं स्वयंपाकघर सगळं स्टीलचं. बाबांनी सुपारी सोडली तेव्हा अडकित्ताही कुणाला तरी देऊन टाकलेला. विळी होती. ती पाटासकट उशाखाली घालून बघितली, तर माझं डोकं खिडकीच्या वर आलं आणि मला पलीकडच्या वाटव्यांच्या गच्चीवरचे पापड दिसायला लागले.

"पाना चालेल काय?" बाबांनी विचारलं. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये ते फोरमन होते. "सोळा नंबरचा आहे. चांगला वजनदार."

"भूत म्हणजे काय नटबोल्ट आहे होय रे?" आत्या म्हणाली.

तेव्हा निनाद पुढे झाला. "माझ्याकडे आहे ना," तो म्हणाला आणि त्यानं मघाचा चाकू आत्यापुढे धरला. त्याचा चेहरा उजळला होता. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्या छंदाची कुणाला तरी गरज पडली होती.

आत्यानं चाकू खाली ठेवायला लावला, मग उचलून उलटासुलटा करून बघितला. "हा मिटतो?"

"हो, आत्या. आत लॉक आहे. बाळाच्या दृष्टीनं एकदम सेफ."

"मग काय कामाचा? राखणीला कुत्रं बांधायचं आणि त्याच्या तोंडाला मुसकं घालायचं, त्यातली गत."

"मग उघडून ठेवू."

"उघडा? उशाखाली?" मी म्हटलं.

कुणी ऐकलं नाही, कारण बाबा फ्रिजवरचं आंब्याच्या आकाराचं चुंबक घेऊन आले होते. त्यांनी ते मुठीला लावलं. चुंबक खाली पडलं.

"मूठ खोटी आहे."

"टायटॅनियम आहे, बाबा."

"म्हणजे लोखंड नव्हे."

"पण पातं बघा की. चिकटतंय."

"चिकटतंय, पण मन लावून चिकटत नाही."

"गंजतो काय हा?" आत्यानं विचारलं.

"अजिबात नाही! पाण्यात महिनाभर ठेवा..."

"मग लोखंड कसलं ते? गंजतं ते लोखंड."

येणारं जे काही वाईट होतं, त्याला पोलादात क्रोमियम किती आहे ते बाहेरूनच ओळखू येतं, हे त्या खोलीत सगळ्यांनी धरून टाकलं. निनादनंसुद्धा. तो खिशातून फोन काढून काहीतरी टिपायला लागला. शेवटी, पुढच्या शनिवारपर्यंत हंगामी म्हणून मिटणारा चाकू अर्धवट उघडून माझ्या उशाखाली गेला, आणि जावईबापू गंजणारा चाकू आणायच्या कामगिरीवर पुण्याला गेले.

त्या आठवड्यात मी त्या उशीवर डोकं ठेवलं ते नुसतं ठेवण्यापुरतं. बाळ माझ्या कुशीत असायचं आणि उशीखाली ते. दुपारी आई बाळाला मागच्या खोलीत घेऊन जायची, म्हणायची, "पड जरा." मी पडायची. डोळे छताला. मला ती वस्तू खोलीत नको होती. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता म्हणून नव्हे. तसं असतं तर मी वाद घातला असता. कॉलेजात मी वक्तृत्वात बक्षिसं मिळवलेली. इथे मात्र मी चोरून कामाला लागले. सकाळी चाकू कपाटावर ठेवून दिला. दुपारी तो परत उशाखाली होता. मी तो बाबांच्या पेन्शनच्या फायलीमागे लपवला. आत्यानं तो हुडकून काढला आणि वर मलाच विचारलं, "पोरी, विसराळू झालीस काय गं? तूप कमी पडतंय हिला, वहिनी."

मी आईला म्हटलं, "टोचेल तो."

आईनं निनादला फोन केला. निनादला माझी काळजी होती, हे मला इथे सांगितलंच पाहिजे. पुढच्या शनिवारी तो आला तो म्यान घेऊन. आणि म्यानात न मिटणारी सुरी. फिनलंडची. कार्बन पोलादाची, भूर्ज लाकडाच्या मुठीची, आणि गंजणारी! रात्रभर लिंबू लावून ठेवलं होतं, असं म्हणत त्यानं पात्यावरचा तांबूस डाग आत्याला नव्या नवरीचा मुखडा दाखवावा तसा दाखवला.

"हं," आत्या म्हणाली. "ह्याला म्हणायचं लोखंड."

चुंबक मन लावून चिकटलं. बाबा म्हणाले, "मी सांगत नव्हतो? सांधा आला की दुखणं आलं. माणसाला काय, अवजाराला काय."

"पण म्यानातली सुरी म्हणजे मिटलेला चाकूच की," आत्या म्हणाली.

"अर्धी बाहेर ठेवू," निनाद म्हणाला.

"मग म्यान कशाला?"

"टोचू नये म्हणून."

"अर्धी बाहेर असली तर अर्धी टोचेल की रे."

असा ऊहापोह चालू असताना मी म्हटलं, "गंजलेली आहे. बाळाला धनुर्वात होईल." निनादनं लगेच मान डोलावली. मुद्दा रास्त होता. पुढच्या खेपेला तो तेल लावलेलं पातं आणि त्यावर मेणाचा थर असली सुरी घेऊन आला. मी म्हटलं, फार जड आहे. हलकी आली. मी म्हटलं, उशीला फुगवटा येतो, मान दुखते. बारीक आली. मी सांगितलेली प्रत्येक अडचण आमच्या घरानं सोडवली. जी सांगत नव्हते तीच तेवढी शिल्लक राहिली.

आणि मी बदलत चालले होते. ते लक्षात येण्याजोगं होतं, पण बघणाऱ्यांची नजर उशीवर होती. मी बाळाला कुणी ना कुणी खोलीत असल्याशिवाय पाजायला घेत नसे. "आई, थांब ना इथं." आई थांबायची, शेंगा सोलत. "काय गं, सारखी आई थांब, आई थांब? लहानपणी तरी इतकी चिकटली नाहीस." स्वयंपाकघरात मी जायचंच सोडलं. समोर कुणी नारळ फोडायला घेतला तर उठून जायची. आत्याच्या मते हे सगळं पुण्याचं वारं होतं. "कामाची सवय मोडली की असंच. माझ्या वेळेला बाराव्या दिवशी दळण."

माझ्या वागण्याचा अर्थ लावायचा तर तो एका वाक्यात सांगून झाला असता. ते वाक्य उच्चारलं तर माझी मुलगी माझ्यापासून काढून घेतील, असं मला वाटत होतं. आणि कधीकधी वाटायचं, घेतलेली बरी.

मग एका रविवारी निनाद अंतिम फेरी घेऊन आला.

सकाळची वेळ होती. पलंगावर बाळ झोपलेलं, मी कोपऱ्यात, आणि समोर स्टुलावर फोन टेकवून निनादनं 'धार' ग्रुपसाठी चित्रण सुरू केलं होतं. उशाखालच्या वापराची तुलना जगात अजून कुणी केलेली नाही, असं ग्रुपच्या प्रमुखानं त्याला कळवलं होतं. निनादला रात्रभर झोप नव्हती, उत्साहानं. आईच्या पाहुण्यांच्या ट्रेमध्ये, क्रोशाच्या रुमालावर, दोन पाती शेजारी शेजारी होती. एक मिटणारं आणि एक न मिटणारं, दोन्ही आतापर्यंतच्या सगळ्यांपेक्षा उंची.

"नमस्कार मित्रांनो," निनाद फोनला म्हणाला. "निकष पाच. उशीचा फुगवटा, उघडताना आवाज, घामानं गंज, बाळाच्या पायाचा धक्का लागला तर काय, आणि पारंपरिक मान्यता. पारंपरिक मान्यतेसाठी आपल्यासोबत आहेत आत्या."

आत्यानं पदर सारखा केला. "मिटतो तो नको. इतकंच माझं म्हणणं."

"तांत्रिक बाजूसाठी बाबा."

"सांधा नको," बाबा म्हणाले. "पण ह्याचा सांधा चांगला आहे, हे कबूल करायला पाहिजे. बेअरिंग घातलंय लेकाच्यांनी. आमच्या मळीच्या पंपाला नव्हतं असलं."

"आणि आता प्रत्यक्ष वापरणारी व्यक्ती." निनाद माझ्याकडे वळला. "केतू, तू मूठ धरून बघ. शेवटी वापरणार तू आहेस."

त्यानं न मिटणारी सुरी माझ्यापुढे केली. मी हात पाठीमागे घेतले.

"अहो जावईबापू, हातात देऊ नका!" आत्या ओरडली. "धारेची वस्तू हातोहात दिली की भांडण लागतं. खाली ठेवा, ती उचलेल तिची ती."

"हो, सॉरी." निनादनं सुरी खाली ठेवली. दुपट्यावर. बाळाच्या मुठीजवळ. मग दुसरीही, जोडीला, म्हणजे फोनमध्ये दोन्ही एकदम दिसाव्यात.

"शिरा गार व्हायलाय," आईनं आतून हाक मारली. "आधी खाऊन घ्या, मग कापा काय कापायचंय ते."

फोनची बॅटरीही उतरत आली होती. "आलोच," निनाद म्हणाला. "केतू, हलवू नकोस हां काही, फ्रेम लावलीय." ते तिघं गेले. मी, बाळ, आणि त्या दोन.

मी उठले, बाहेर आले आणि दाराला बाहेरून कडी घातली. मग ती कडी दोन्ही हातांनी धरून उभी राहिले.

बाळ जागं झालं असावं. आधी कुरकुर ऐकू आली, मग रडणं. आई वाटी हातात घेऊन आली.

"अगं, कडी काय लावलीस? रडतंय ना ते. उघड."

"आधी त्या बाहेर काढा."

"कोण त्या?"

"सुऱ्या."

निनादही आला, तोंडात घास. "त्या बाहेर काढायच्या तर दार उघडावं लागेल ना, केतू?" त्याचा तर्क नेहमीप्रमाणे बिनचूक होता.

"मी हात काढला तर मी आत जाईन."

"जा की मग."

"नाही जाणार. मला आत सोडू नका."

"बाळ एकटं आहे आत!"

"एकटं आहे तेच बरं आहे."

आत्या पुढे आली. तिच्या हाताला तूप होतं. "आई आहेस का कोण आहेस गं तू? पोर नको झालंय तुला?"

आतलं रडणं वाढलं होतं. माझ्या अंगात दूध उतरत होतं, गाऊन ओला होत होता, आणि मी कडी सोडत नव्हते. मी दाराकडे बघून बोलले. त्यांच्याकडे बघून बोलता आलं नसतं.

"मला दिसतं. डोळे मिटले की दिसतं आणि उघडले तरी दिसतं. ती सुरी असते आणि हात माझा असतो. मला तसं काही करायचं नाहीये गं आई. माझी पोर मला इतकी हवीय. पण दिसतं. तुम्ही सगळे ती सुरी परत परत आणून ठेवता."

आईच्या हातातली वाटी कलली आणि शिरा फरशीवर पडला.

"पण ती म्यानात..." निनाद म्हणाला. आणि थांबला. आपण काय बोलतोय ते त्यानं स्वतःच ऐकलं. तो घास त्याला गिळताही येईना आणि टाकताही येईना. बाबांच्या हातात ते चुंबक होतं. ते त्यांनी मुठीत आवळून धरलं होतं.

आत्यानं माझी बोटं एकेक करून कडीवरून सोडवली. "हो बाजूला," ती म्हणाली, पण मघाच्या आवाजात नाही. ती एकटी आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या पदरात दोन्ही पाती होती. तिनं ती थेट बाबांच्या हातात दिली. "धर. नजरेआड कर."

ती परत आत गेली आणि बाळाला घेऊन आली. माझ्याकडे दिलं नाही. दाराबाहेर फरशीवरच मांडी घालून बसली, बाळाला मांडीवर घेतलं आणि शेजारची जागा थोपटली.

"बस इथं. मला चिकटून. आणि हात लाव तिला. मी आहे."

मी हात लावला. बाळ हुंदके देत देत शांत व्हायला लागलं. बाकीचे तिघं उभेच होते.

"मला आड दिसायचा," आत्या म्हणाली.

"काय?"

"दारात आड होता आमच्या. थोरला झाला तेव्हाची गोष्ट. पोराला घेऊन आडाकडं गेलं की हातातनं... तसं दिसायचं. म्हणून जायचीच नाही मी पाण्याला. सासू म्हणायची, आळशी आहे. म्हटलं, असू दे आळशी."

"शके," बाबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना तिला नावानं हाक मारताना ऐकलं. "तू बोलली नाहीस कधी."

"कुणाला? तुला? तू बैलगाडीतनं आलास आणि पेढे खाऊन गेलास." ती बाळाच्या टाळूवरून हात फिरवत होती. "बोलले असते तर देवऋषी आणला असता, लिंबं फिरवली असती. मग गेलं आपोआप. वर्ष गेलं त्यात."

"आणि तुझ्या उशाखाली?" मी विचारलं.

"विळा होता की. चांगला हातभर."

"आत्या, मग माझ्या उशाखाली तू का ठेवायला लावलीस?"

तिला हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. तिनं स्वतःलाही नसावा. तिनं बाळाचं दुपटं सारखं केलं.

"ठेवायची असते म्हणून," ती म्हणाली.

निनादनं डॉ. लोकूरना फोन लावला. रविवार असूनही त्या संध्याकाळी घरी आल्या, सोबत त्यांच्या ओळखीच्या एक मानसोपचाराच्या डॉक्टर. ह्या दुसऱ्या डॉक्टरांनी बाकीच्यांना बाहेर बसवलं. मी सगळं सांगितलं, आणि त्यांचा चेहरा बदलला नाही. हेच मला पहिलं औषध वाटलं. "असं पुष्कळ आयांना दिसतं," त्या म्हणाल्या. "बोलत नाहीत, इतकंच. तुला ते बघून धडकी भरते, तू दाराला कडी घालतेस. हा आजार आहे, तू नव्हेस. बरा होतो." मग त्यांनी खूप प्रश्न विचारले, औषध दिलं, काही आठवडे मला बाळाजवळ एकटं ठेवू नका म्हणून घरच्यांना बजावलं आणि दर आठवड्याला बोलवलं. लगेच बरं वाटलं नाही. हळूहळू ते चित्र फिकट होत गेलं, पुसट झालं, आणि मग एका दुपारी माझ्या लक्षात आलं की आज ते आलंच नाही.

निनादनं कंपनीतून रजा घेतली. बाळाची लंगोटी बदलायला तो शिकला. पहिल्यांदा त्यानं तिची घडी कशी असावी यावर विचार करायला घेतला, तेव्हा आईनं ती त्याच्या हातातून काढून घेतली. 'धार' ग्रुपवर चौकशा येत होत्या. निकाल काय लागला? मिटणारा की न मिटणारा? त्यानं लिहिलं, "दोन्ही घराबाहेर." लोकांना तो विनोद वाटला. अंगठे आले. एकानं विचारलं, "घराबाहेरच्या वापराला म्यान कोणतं घेतलं?"

लोखंड मात्र आत्याला हवंच होतं. शेवटी बाबांनी कुठूनतरी घोड्याची नाल मिळवली आणि दारावर, चौकटीच्या बाहेरच्या बाजूला ठोकली. वाईटाला यायचं असेल तर आत्या आता त्याला दारातच विचारणार होती.

आता माझी मुलगी शाळेत जाते. हे सगळं मी लिहिणार नव्हते. गेल्या आठवड्यात निनादनं मला फोनमधला एक फोटो दाखवला, म्हणून लिहितेय. तो अजून त्या ग्रुपमध्ये आहे. बोलत नाही, नुसता वाचतो.

फोटोत एक पलंग आहे. पिस्ता रंगाची भिंत, खिडकीत कोरफडीची कुंडी. पलंगावर झबल्यातलं बाळ, त्याच्या उशाशी एक अतिशय सुंदर न मिटणारी सुरी, आणि खाली ओळ: "घरात लक्ष्मी आली. आत्याबाईंना उशाला लोखंड हवंय. मित्रांनो, ही बरी की मिटणारी घेऊ?" खाली पुष्कळ उत्तरं आहेत. पोलादावर, मुठीवर, तेलावर. फोटोच्या कडेला, अर्ध्यात कापला गेलेला, एका बाईचा हात आहे. हिरव्या बांगड्या. चादर घट्ट धरलेली. तिच्याबद्दल एकानंही विचारलेलं नाही.

निनादनं विचारलं. ग्रुपच्या प्रमुखानं तो मजकूर 'विषयाला सोडून' म्हणून काढून टाकला. मग निनादनं फोटो टाकणाऱ्या माणसालाच फोन केला. तो म्हणाला, "बायको एकदम ठीक आहे हो, दिवसभर बाळाकडेच बघत असते." "तिचं माझ्या बायकोशी बोलणं करून द्या," असं निनादनं म्हटल्यावर त्याला राग आला. आता तो फोन उचलत नाही. इस्लामपूरकडचा आहे की इचलकरंजीचा, तेही आम्हाला नक्की माहीत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतेय. ती पिस्ता रंगाची भिंत, ती कोरफड कुणाच्या ओळखीची वाटली, तर आज जाऊन याल का? नसेल ओळखीची, तर तुमच्या जिन्यावर, तुमच्या भावकीत सध्या जी कुणी बाळंतीण असेल तिच्याकडे जा. बाळ बघायला आलो म्हणा, म्हणजे आत घेतील. बाळाला कुणाकडे तरी देऊन बाहेरच्या खोलीत पाठवा, नवऱ्याला चहा टाकायला सांगा. ती म्हणेल, मी बरी आहे. लगेच उठू नका. तिच्याजवळ बसा.